ऑटोटूल्स कधी काढायचे आणि कसे

गेल्या शनिवारी ठाण्यात गावदेवी मैदानाजवळ आपण भेटलो, तेव्हा तुम्हाला कोपरखैरण्याची गाडी गाठायची होती आणि तुमचा प्रश्न अर्धवट राहिला. त्याचे उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हतेच, म्हणून आता सविस्तर लिहितो. तुम्ही आणि आणखी तिघे मिळून सांभाळत असलेली सी भाषेतली मुक्त स्रोत लायब्ररी चौदा वर्षांची आहे. तिची बिल्ड प्रणाली (मूळ कोडपासून लायब्ररी बांधणारी व्यवस्था) सुरुवातीपासून ऑटोटूल्सची, म्हणजे ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि लिबटूल या तिघांची आहे. दोन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने मेसॉन या दुसऱ्या बिल्ड प्रणालीच्या फाइली लिहून दिल्या आणि तेव्हापासून दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी चालू आहेत. आता गटात दोन मते पडली आहेत. एकाचे म्हणणे, दोन्ही चालत आहेत तर चालू द्या. दुसऱ्याचे म्हणणे, पुढच्याच रिलीजमध्ये जुने काढून टाका. जुने काढायचे कधी, आणि लायब्ररीवर अवलंबून असलेल्या कोणाचेही काही न बिघडवता काढायचे कसे, असे तुम्ही विचारलेत.

माझे मत आधीच सांगतो. जुनी प्रणाली काढा, पण पुढच्याच रिलीजमध्ये नको, आणि बिनमुदत ठेवूही नका. तारीख आजच ठरवा, ती साधारण एक वर्ष पुढची असू द्या, आणि मधला काळ जुन्या प्रणालीने कुठेही लिहून न ठेवता जे शब्द पाळले ते शोधण्यात घालवा. जुन्या फाइली पुसणारा कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलाची नोंद, एका दुपारचे काम आहे. त्या फाइलींनी चौदा वर्षे कोणाला काय काय दिले हे शोधायला मात्र चार स्वयंसेवकांना वर्ष सहज लागते. मी हे काम वेगवेगळ्या प्रकल्पांत तीन वेळा केले आहे. पहिल्या वेळी हा शोध न घेताच केले आणि त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागली. ते पुढे सांगतो.

तुमच्या गटातले जे सदस्य ऑटोटूल्स ठेवा म्हणतात, त्यांच्या म्हणण्यामागचे कारण आधी समजून घेतले पाहिजे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक हे बांधणीचे साधन लिहिले. त्यानंतरच्या काळात युनिक्सचे इतके प्रकार निघाले की एकाच प्रोग्रामसाठी सनओएस, एचपी-यूएक्स, एआयएक्स, आयरिक्स अशा प्रत्येकाची वेगळी मेकफाइल हाताने लिहावी लागे. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ सुरू केले, १९९४ मध्ये ऑटोमेक आले आणि १९९६ मध्ये लिबटूल. या तिघांनी एक ठाम वचन दिले होते: टारबॉल, म्हणजे मूळ कोडची प्रकाशित केलेली गठ्ठा-फाइल, उघडणाऱ्याकडे शेल, मेक आणि कंपायलर एवढेच असले तरी पुरे, ऑटोकॉन्फसुद्धा त्याच्याकडे असण्याची गरज नाही. मेसॉनला पायथन लागतो आणि बहुधा निन्जा हे बांधणी चालवणारे साधनही लागते, म्हणजे हे वचन मोडते. तुमची लायब्ररी खुद्द पायथनच्या बांधणीला लागत असती, तर कोंबडी आधी की अंडे आधी असा पेच पडला असता आणि माझे उत्तर वेगळे झाले असते. ती तशी नाही, हे मी तपासले. ज्यांना तरीही पायथनशिवाय बांधायचे असेल त्यांच्यासाठी मेसॉनच्या फाइली वाचणारा म्युऑन आणि निन्जाच्या जागी चालणारा समुराई हे दोन्ही सी भाषेत लिहिलेले पर्याय आहेत. तुमच्या फाइली म्युऑनवर चालतात का, हे एकदा चालवून पाहा आणि उत्तर काहीही आले तरी ते गटाला आकड्यांसकट सांगा. आक्षेप घेणाऱ्याला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

ऑटोटूल्स वाईट आहेत म्हणून ते काढावेत, असे मी म्हणत नाही. ते वाचू शकणारी माणसे कमी होत चालली आहेत, हे खरे कारण आहे. ऑटोकॉन्फची २.६९ ही आवृत्ती २०१२ मध्ये आली आणि तिच्यानंतरची २.७० थेट डिसेंबर २०२० मध्ये, यावरून त्या साधनामागे किती हात उरले होते याची कल्पना येते. तुमच्या चौघांपैकी एम-४ या ऑटोकॉन्फच्या भाषेतले मॅक्रो न घाबरता बदलू शकणारे किती, असे मी विचारले तेव्हा तुम्ही एक बोट वर केले होते, आणि ते गृहस्थ पुढच्या वर्षी प्रकल्पातून मोकळे होणार आहेत.

दोन्ही चालू द्या, या मताला माझा विरोध आहे. प्रत्येक नवी फाइल दोन याद्यांत लिहावी लागते, प्रत्येक नवा पर्याय दोन भाषांत मांडावा लागतो, आणि ज्या प्रणालीत मेंटेनर स्वतः रोज काम करत नाहीत ती आतून कुजत जाते. तिचा बिघाड मेंटेनरला दिसत नाही, पॅकेज बनवणाऱ्याला दिसतो. आपल्या रोजच्या प्रवासातले उदाहरण घ्या. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरचा वीजपुरवठा १,५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर नेण्याचे काम टप्प्याटप्प्याने बरीच वर्षे चालले आणि तोवर दोन्ही विजेवर धावू शकणाऱ्या गाड्या ठेवाव्या लागल्या. त्या गाड्यांशिवाय बदल अशक्य होता, पण त्यांच्या पोटात दोन्ही प्रकारची यंत्रणा वागवावी लागत होती. हार्बर मार्गावरचा शेवटचा डीसी टप्पा एप्रिल २०१६ मध्ये बदलला गेला आणि ते ओझे संपले. तुमच्या प्रकल्पाची मधली अवस्था तशीच आवश्यक आहे, आणि तिलाही शेवटचा दिवस हवा.

इतर प्रकल्पांनी काय केले हे थोडक्यात पाहा. लिनक्स सुरू करून त्यातल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीने जुलै २०१७ च्या २३४ व्या आवृत्तीत मेसॉन आणले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २३५ व्या आवृत्तीत ऑटोटूल्स काढले. इतका वेग त्यांना परवडला, कारण त्यांचे वापरकर्ते म्हणजे मुख्यतः लिनक्स वितरणेच. जीस्ट्रीमर या ध्वनी-चित्रफितींच्या लायब्ररीची २०१९ मधली १.१६ ही ऑटोटूल्स असलेली शेवटची स्थिर मालिका आणि २०२० मधली १.१८ त्याशिवायची. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचा मार्ग मला विशेष अभ्यासण्यासारखा वाटतो. त्यांनी २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत मेसॉन आणले, २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत विंडोजसाठी पर्ल भाषेत स्वतः लिहिलेली वेगळी बिल्ड प्रणाली काढली, आणि ऑटोकॉन्फ व मेक तूर्त ठेवले. ज्या प्रणालीला सांभाळायला सर्वात कमी माणसे होती ती त्यांनी आधी निवृत्त केली. तुम्हीही कोणती प्रणाली आधी जाणार, हा निर्णय अशाच हिशोबाने घ्या.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. पहिली जागा म्हणजे कॉन्फिग.एच, यंत्रावर काय काय सापडले हे मॅक्रोंच्या (कंपायलरला दिलेल्या नावांच्या) रूपात कोडला सांगणारी फाइल. एकाच यंत्रावर दोन्ही प्रणालींनी बांधणी करा, दोन्हींनी तयार केलेल्या कॉन्फिग.एच क्रम लावून समोरासमोर ठेवा आणि प्रत्येक फरकाचे कारण कागदावर लिहा. हे कंटाळवाणे काम आहे, पण लपलेल्या अडचणींपैकी निम्म्याहून अधिक मला नेहमी इथेच सापडल्या. सर्वात फसवी अडचण अशी. ऑटोमेक प्रत्येक फाइल कंपाइल करताना हॅव-कॉन्फिग-एच हा मॅक्रो आपण होऊन कंपायलरला देतो, मेसॉन देत नाही. जुन्या कोडमध्ये बहुतेक ठिकाणी 'हा मॅक्रो असेल तरच कॉन्फिग.एच घ्या' अशी ओळ असते. मेसॉनमध्ये तो मॅक्रो हाताने दिला नाही, तर कॉन्फिग.एच घेतलीच जात नाही, सर्व वैशिष्ट्ये बंद आहेत असे समजून कोड कंपाइल होतो, आणि बऱ्याचदा एकही त्रुटी येत नाही. लायब्ररी तयार होते. ती फक्त मंद असते किंवा एखाद्या क्षमतेविना असते.

दुसरी अडचण शून्य आणि एक यांची. ऑटोकॉन्फला एखादे फंक्शन सापडले नाही तर तो त्याचा मॅक्रो अपरिभाषित ठेवतो. मेसॉनमध्ये साधे सेट आहे आणि सेट-१० ही आहे. दुसरे वापरले तर न सापडलेल्या गोष्टीचाही मॅक्रो तयार होतो, त्याची किंमत शून्य असते. आता कोडमध्ये 'मॅक्रोची किंमत तपासा' असे लिहिले असेल तर काही बिघडत नाही, पण 'मॅक्रो परिभाषित आहे का' असे लिहिले असेल तर शून्य किंमतही 'आहे' ठरते आणि नसलेल्या फंक्शनला हाक मारली जाते. तुमच्या कोडमध्ये दोन्ही पद्धती मिसळलेल्या आहेत, चौदा वर्षांत अनेक हातांनी लिहिलेल्या कोडमध्ये त्या असणारच. मेसॉनमध्ये कुठे काय वापरायचे हे एकदाच ठरवा आणि कोड त्याप्रमाणे एकसारखा करून घ्या. हा बदल जुनी प्रणाली जिवंत असतानाच करा, म्हणजे दोन्हीकडे पडताळता येईल.

याच कामात बरेच निरुपयोगी ओझेही सापडेल. मानक सी हेडर आहेत का हे पाहणाऱ्या तपासण्या आता कोणालाच लागत नाहीत. ज्या मॅक्रोचा कोडमध्ये एकदाही उल्लेख नाही ती तपासणी नव्या प्रणालीत आणूच नका. मात्र कारण न कळणारी तपासणी आणि निरुपयोगी तपासणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माझ्या दुसऱ्या स्थलांतराच्या वेळी एका तपासणीचा अर्थ आम्हा कोणालाच लागेना. ज्यांनी ती लिहिली होती ते गृहस्थ पाचपाखाडीत राहतात हे कळल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी जुनी वही काढली आणि एका प्रोसेसरवर शब्दसीमेवर नसलेल्या पत्त्यावरून वाचन केले की प्रोग्राम कोसळतो, त्यासाठी ती तपासणी होती, हे दहा मिनिटांत समजावले. आम्ही ती तपासणी ठेवली नाही, मूळ कोडच सर्व प्रोसेसरवर सुरक्षित राहील असा लिहून काढला. पण त्यांना न विचारता ती काढली असती तर आमच्या एका वापरकर्त्याच्या यंत्रावर लायब्ररी बंद पडली असती. तुमच्या जुन्या सदस्यांसोबत पुढच्या दोन महिन्यांत अशा दोन-तीन बैठका करा. यंत्राच्या या तपासण्या करणारे जुने कॉन्फिगर स्क्रिप्ट त्यांनी लिहिले आहे, त्यातल्या प्रत्येक ओळीमागची गोष्ट त्यांच्याजवळच आहे.

तिसरी जागा लायब्ररीच्या आवृत्तीक्रमांकाची, आणि इथे चूक झाली तर ती इतरांचे प्रोग्राम मोडते. लिबटूलला तुम्ही तीन आकडे देता: चालू, सुधारणा आणि वय. तुमच्या फाइलीत ७:३:२ आहेत. हे आकडे जसेच्या तसे फाइलीच्या नावात येतात असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. लिनक्सवर लिबटूल चालूमधून वय वजा करतो, म्हणून मुख्य क्रमांक ५ येतो, त्यापुढे वय २ आणि सुधारणा ३. म्हणजे फाइलीच्या नावात ५.२.३ आणि एसओनेममध्ये, म्हणजे प्रोग्राम ज्या नावाने लायब्ररी शोधतात त्यात, ५. मेसॉनमध्ये आवृत्ती ५.२.३ आणि एसओ-आवृत्ती ५ असेच लिहायला हवे. तुमच्या सहकाऱ्याने लिहिलेल्या फाइलीत एसओ-आवृत्ती ७ आहे, मी काल पाहिले. ती तशीच गेली असती तर आधीच्या लायब्ररीशी जोडलेल्या प्रत्येक प्रोग्रामला लायब्ररी सापडली नसती. मॅकओएसवर हिशोब आणखी निराळा आहे: तिथे लिबटूल चालूमध्ये एक मिळवतो, म्हणून सुसंगतता क्रमांक ८ आणि चालू क्रमांक ८.३ होतो, आणि हे मेसॉनला डार्विन-आवृत्त्या या वेगळ्या पर्यायातून सांगावे लागते. क्रमांक जुळल्यावर दोन्ही बांधणींतून बाहेर दिसणाऱ्या चिन्हांची (फंक्शने वगैरेंच्या नावांची) यादी काढा आणि तुलना करा. लिबटूलमध्ये नियमित अभिव्यक्ती देऊन चिन्हे लपवली असतील तर मेसॉन ते आपण होऊन करत नाही, आणि आतली फंक्शने बाहेर दिसू लागली की कोणीतरी ती वापरू लागतेच. लिबअॅबिगेलमधले एबीआयडिफ हे साधन यासाठी उत्तम आहे. ते नुसती नावे पाहत नाही, स्ट्रक्चरांची मांडणीही पाहते.

मांडणीवरून एक महत्त्वाची गोष्ट आठवली, जी ६४-बिट यंत्रावर कधीच दिसत नाही. मेसॉन कंपायलरला फाइल-ऑफसेट ६४ बिटांचा ठेवण्याचा मॅक्रो नेहमी देतो. ऑटोकॉन्फ तो तेव्हाच देतो, जेव्हा मोठ्या फाइलींसाठीची तपासणी तुम्ही स्वतः लिहिलेली असते. तुमच्या सार्वजनिक हेडरमधल्या एका स्ट्रक्चरमध्ये ऑफ-टी या फाइल-ऑफसेटच्या प्रकाराचे क्षेत्र आहे. ३२-बिट लिनक्सवर जुन्या प्रणालीने ते चार बाइटचे बांधले, नवी ते आठ बाइटचे बांधेल, आणि वापरणारा प्रोग्राम जुन्याच समजुतीने चार बाइट वाचत राहील. कंपायलर काही बोलणार नाही, लिंकरही नाही. ३२-बिट बांधणी आपल्या स्वयंचलित चाचण्यांत आजच घाला आणि एबीआयडिफ तिथेही चालवा. त्या स्ट्रक्चरचे काय करायचे हा स्वतंत्र निर्णय आहे. तो बिल्ड प्रणालीच्या बदलाच्या पोटात लपून होऊ नये एवढीच माझी अपेक्षा आहे.

पूर्वनिर्धारित पर्यायांचे फरक तुलनेने सोपे आहेत. ऑटोकॉन्फ काहीच न सांगितल्यास ओ-२ पातळीचे ऑप्टिमायझेशन आणि डीबग माहिती देतो; मेसॉन काहीच न सांगितल्यास डीबग प्रकारची, ऑप्टिमायझेशनविना बांधणी करतो. डेबियन आणि फेडोरा या लिनक्स वितरणांची पॅकेज-साधने मेसॉनला साध्या प्रकाराची बांधणी सांगून स्वतःचे फ्लॅग देतात, त्यामुळे त्यांना फरक पडत नाही. पण टारबॉल उतरवून स्वतः बांधणाऱ्या विद्यार्थ्याला लायब्ररी एकाएकी मंद झाल्यासारखी वाटेल. प्रकल्पाच्या मुख्य मेसॉन फाइलीत बांधणीचा प्रकार स्पष्ट लिहून हे टळते. तसेच लायब्ररी ठेवण्याची जागा मेसॉन यंत्र पाहून ठरवतो, डेबियनवर ती प्रोसेसरच्या नावाच्या उपफोल्डरात जाते, त्यामुळे जुनी प्रत एकीकडे आणि नवी दुसरीकडे असे होऊ शकते. सूचनापत्रात हे दोन वाक्यांत सांगा, तेवढे पुरे.

चाचण्यांबद्दल मात्र विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण वर म्हटलेली माझी चूक इथलीच आहे. पहिल्या स्थलांतरात आम्ही मेसॉन नव्हे, सीमेक ही आणखी एक बिल्ड प्रणाली निवडली होती. दोन्हीकडे सर्व चाचण्या हिरव्या दिसल्यावर मी स्वतः जुनी प्रणाली काढली. पाच महिन्यांनी एका वापरकर्त्याने चुकीचे उत्तर देणारे एक उदाहरण पाठवले, आणि तेच उदाहरण आमच्या चाचण्यांत आधीपासून होते. ती चाचणी अपयशी ठरायला हवी होती आणि ती रोज यशस्वी होत होती. कारण असे: सीमेकचा रिलीज प्रकार एनडीबग हा मॅक्रो देतो, तो मॅक्रो असला की सी भाषेतले असर्ट, म्हणजे अट खोटी ठरली की प्रोग्राम थांबवणारी तपासणी, कोडमधून नाहीसे होते, आणि आमच्या सर्व चाचण्या असर्टवरच उभ्या होत्या. पाच महिने आम्ही काहीच न तपासणारे प्रोग्राम चालवत होतो आणि त्या भरवशावर दोन रिलीज केले. त्या वापरकर्त्याने चुकीच्या उत्तरांवर आपले पुढचे काम केले होते. त्यांची माफी मागण्याखेरीज माझ्या हाती काही नव्हते. मेसॉन एनडीबग आपण होऊन देत नाही, पण पॅकेज बनवणारा तो देऊ शकतो. म्हणून तुमच्या चाचण्यांत असर्टऐवजी स्वतःचा पडताळणी-मॅक्रो आणा, आणि त्याहून महत्त्वाचे, नव्या प्रणालीत एक चाचणी मुद्दाम मोडून पाहा. ती लाल झाली नाही तर पुढे जाऊ नका. तेव्हापासून मी प्रत्येक प्रकल्पात हे पहिल्या दिवशी करतो.

उरलेल्या बाबी अशा. ऑटोमेकमध्ये ७७ हा निर्गमनांक म्हणजे चाचणी वगळली. मेसॉन तो मानतो, सीमेकला वेगळे सांगावे लागते. ऑटोमेक मूळ फोल्डरचा पत्ता पर्यावरणातून चाचणीला देतो. मेसॉनमध्ये तुम्हाला तो द्यावा लागेल, नाहीतर नमुना फाइली न सापडल्यामुळे चाचण्या पडतील किंवा, जास्त वाईट म्हणजे, गुपचूप वगळल्या जातील. मेसॉन चाचण्या एकाच वेळी समांतर चालवतो आणि प्रत्येकीला ३० सेकंदांची मुदत देतो. तुमच्या दोन चाचण्या एकाच तात्पुरत्या फाइलीवर लिहितात, त्या कधी पास तर कधी नापास होतील. मंद यंत्रांवर मुदतही अपुरी पडेल. चाचण्यांची एकूण संख्या दोन्ही प्रणालींत सारखी येते का, आणि वगळलेल्या चाचण्यांची यादीही सारखी येते का, हे प्रत्येक बांधणीनंतर स्वयंचलितपणे तपासा.

टारबॉलकडे २०२४ नंतर कोणालाच दुर्लक्ष करता येणार नाही. त्या वर्षी २९ मार्चला अँड्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या फाइल-संकोचन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांतला, गुपचूप शिरण्यासाठी घातलेला मागचा दरवाजा जाहीर केला. दूरच्या यंत्रावर जाण्याच्या एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा माग घेताना त्यांना तो सापडला होता. त्याची सुरुवात करणारी एम-४ फाइल गिटच्या भांडारात नव्हती, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. ऑटोटूल्सच्या टारबॉलमध्ये भांडारात नसलेल्या, यंत्राने तयार केलेल्या हजारो ओळी असतात आणि त्या कोणी वाचत नाही, याचाच फायदा घेतला गेला. मेसॉनची डिस्ट आज्ञा गिटमध्ये कमिट केलेल्या फाइलीच टारबॉलमध्ये घालते आणि तो टारबॉल उघडून बांधून व चाचण्या चालवून पाहते, म्हणून माझ्या दृष्टीने ऑटोटूल्स काढण्याचे हे सर्वात सबळ कारण आहे. तरीही मेसॉनने किंवा सीमेकने सर्व धोके संपतात असे समजू नका. त्याच एक्सझेडमध्ये सीमेकच्या फाइलीतल्या एका तपासणीत एक टिंब जास्त घातले होते. त्यामुळे तपासणीचा नमुना कोड कधीच कंपाइल होत नसे आणि लँडलॉक ही सुरक्षा-सुविधा निमूटपणे बंद राहत असे. तपासणी अपयशी ठरली म्हणजे सुविधा नाही, असे गृहीत धरणाऱ्या प्रत्येक प्रणालीत ही फट आहे. म्हणून आपल्या चाचणी-यंत्रांवर ज्या सुविधा असायलाच हव्यात त्या 'आपोआप' या स्थितीत न ठेवता 'सक्तीने चालू' या स्थितीत बांधा. सापडल्या नाहीत की बांधणी तिथेच थांबेल.

डिस्टमुळे एक गैरसोय होते, ती आधी सांगितली पाहिजे. जुन्या टारबॉलमध्ये मॅन-पाने (वापराची माहितीपाने) तयार करून ठेवलेली असत. नव्यात ती नसतील आणि पॅकेज बनवणाऱ्याला ती तयार करणारे साधन लागेल. दोन्ही टारबॉलमधल्या फाइलींची यादी काढून फरक पाहा, असे प्रकार लगेच दिसतील.

भाषांतरांबद्दल माझा थोडा जास्त आग्रह आहे. जुन्या प्रकल्पांत भाषांची यादी कॉन्फिगर स्क्रिप्टच्या मूळ फाइलीत असे. मेसॉन भाषांतरांच्या पीओ फोल्डरमधली लिंग्वास ही यादी वाचतो, आणि त्या यादीत नाव नसलेली भाषा कोणताही इशारा न देता बांधणीतून गळते. तिसऱ्या स्थलांतरात आमची मराठीची फाइल अशीच गळली होती. भाषांतर पूर्ण होते, भांडारात होते, आणि वापरणाऱ्याला इंग्रजी संदेश दिसत होते. ठाण्यातल्या एका शिक्षिकेने दोन उन्हाळी सुट्ट्या घालवून ते केले होते आणि चूक त्यांच्याच लक्षात आली. तुमच्या लायब्ररीत मराठीसह अनेक भाषा आहेत. पीओ फाइलींची संख्या आणि त्यांपासून बनून स्थापित झालेल्या एमओ फाइलींची संख्या जुळते का, हे दोन ओळींच्या स्क्रिप्टने तपासता येते. ती आजच लिहा.

आता वेळापत्रक. पुढच्या रिलीजमध्ये मेसॉन हीच मुख्य प्रणाली असे जाहीर करा, कॉन्फिगर स्क्रिप्टच्या शेवटी ही प्रणाली अमुक आवृत्तीत काढली जाईल अशी सूचना छापा, आणि जुन्या प्रत्येक पर्यायासमोर नवा पर्याय लिहिलेला तक्ता सूचनापत्रात द्या. त्यानंतरच्या रिलीजमध्ये मेसा या ग्राफिक्स लायब्ररीने केले तसे करा: ऑटोटूल्स काढण्याआधी त्यांनी कॉन्फिगर स्क्रिप्ट एका खास पर्यायाशिवाय चालूच होणार नाही अशी व्यवस्था केली होती. छापलेली सूचना लॉगमध्ये वाहून जाते, थांबलेली बांधणी माणसाला बोलते करते. त्या दिवसापासून तक्रारी येतील आणि त्या यायलाच हव्यात; प्रत्येक तक्रार म्हणजे जुन्या प्रणालीने पाळलेले, पण तुमच्या यादीतून सुटलेले एक वचन आहे. डेबियन, फेडोरा आणि फ्रीबीएसडीचे पॅकेज सांभाळणाऱ्यांना मात्र रिलीजची वाट न पाहता आत्ताच व्यक्तिशः कळवा. तिसऱ्या रिलीजमध्ये जुन्या फाइली काढा. तो कमिट फक्त पुसण्याचा असू द्या, त्यात फाइली हलवणे किंवा नावे बदलणे मिसळू नका, म्हणजे अडचण आलीच तर तो एकटा मागे घेता येईल.

सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी ठेवलेल्या स्थिर शाखेतून ऑटोटूल्स काढू नका. तिथले टारबॉल शाखा संपेपर्यंत जुन्याच पद्धतीने, त्याच ऑटोकॉन्फ आवृत्तीवर तयार व्हायला हवेत. त्यासाठी एक कंटेनर, म्हणजे ती साधने जशीच्या तशी गोठवून ठेवणारी डबी, आत्ताच तयार करून तो कसा बनवला हे भांडारात लिहून ठेवा, कारण दीड वर्षाने ती आवृत्ती सहज मिळेलच असे नाही.

ऐरोलीला आमच्याकडे ३२-बिट एआरएम पाट्या आहेत आणि त्यांवर बांधणी करून पाहायला मला हरकत नाही. दोन्ही कॉन्फिग.एच आणि दोन्ही लायब्ररी पाठवा, पुढच्या शनिवारपर्यंत मी एबीआयडिफचा अहवाल काढून ठेवतो. एसओ-आवृत्तीचा आकडा तेवढा आजच दुरुस्त करा.